लाळेतलं अमायलेज: जुलैत आलेले आकडे आता येत नाहीत, मदत हवी आहे

एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षाला आहे. तीन आठवडे एकाच प्रयोगावर अडकले आहे. चूक कुठे शोधायची तेच आता कळेनासं झालंय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

प्रयोग नेहमीचाच: लाळेतलं अमायलेज हे एन्झाइम स्टार्चपासून माल्टोज ही साखर किती बनवतं ते मोजायचं. पीएच ६.९ च्या २० मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये केलेलं १ टक्का स्टार्च १ मिलि, त्यात शंभरपट पातळ केलेली लाळ १ मिलि, ३७ अंशांवर ५ मिनिटं. मग २ मिलि डीएनएस (साखर असली की तांबूस रंग देणारं रसायन), उकळत्या वॉटर बाथमध्ये ५ मिनिटं, नळाखाली थंड करून ५४० नॅनोमीटरला रीडिंग. ब्लँकमध्ये, म्हणजे एन्झाइम चालू न दिलेल्या तुलनेच्या ट्यूबमध्ये, डीएनएस आधी आणि लाळ नंतर. माल्टोजचा स्टँडर्ड ग्राफ (माहीत असलेल्या प्रमाणांच्या रीडिंगची रेष) दर वेळी सोबत लावते.

जुलैत प्रॅक्टिकलला ट्यूबमागे १.७ मिलिग्रॅमच्या आसपास माल्टोज आलं होतं, तिन्ही ट्यूब जवळजवळ सारख्या. त्याच भरवशावर मिनी प्रोजेक्ट घेतला: चहाच्या अर्कानं लाळेतलं अमायलेज किती मंदावतं. चहा राहिला बाजूला, आता नुसता कंट्रोलच, म्हणजे बिनचहाची ट्यूब, ०.२ मिलिग्रॅमवर बसलाय. पाच वेळा केला, पाचही वेळा तेच.

डीएनएस नवं केलं. स्टार्च रोज ताजं, नीट पारदर्शक होईपर्यंत उकळून. वॉटर बाथचं तापमान वेगळ्या थर्मामीटरनं तपासलं. लाळ जेवणानंतर तासाभरानं, चूळ भरून, ताजीच घेते. लाळेऐवजी फंगल डायस्टेज (बुरशीचं अमायलेज) घालून पाहिलं तर रंग झकास येतो, म्हणजे स्टार्च, बफर, डीएनएस तिन्ही ठीक असावेत. मग राहिली लाळ. पण शेजारच्या बेंचवरची मैत्रीण हाच प्रोटोकॉल करते, तिचे १.५ येतात. तिची लाळ मागून घेऊन माझ्या ट्यूबमध्ये घातली, तर तीही ०.२ वर!

वैतागून लाळ शंभरऐवजी वीसपटच पातळ केली. एन्झाइम पाचपट झालं, म्हणजे फार तर १ मिलिग्रॅम यायला हवं होतं. आलं ३.१. हे मला अजिबात समजलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात गाइडना कंट्रोल दाखवायचाय. कुणी सांगू शकेल का?

प्रतिसाद
ताई, आधी स्टँडर्ड ग्राफ बघा. रेष शून्यातून जाते का? डीएनएस खालच्या टोकाला दगा देतं, साखर फार कमी असली की रंगच धरत नाही. तसं असेल तर ०.२ हा आकडा मुळात खरा नाही आणि तुमच्या पाचपट-पंधरापटचं कोडंही तिथेच सुटेल. सगळ्या ट्यूबमध्ये, ब्लँक आणि स्टँडर्डसकट, ठरावीक अर्धा मिलिग्रॅम माल्टोज घाला. सगळी रीडिंग वर सरकतील आणि सरळ रेषेच्या भागात येतील.

धागाकर्ती
धन्यवाद दादा. रेष खरंच शून्यातून जात नव्हती, थोडी उजवीकडे सरकलेली होती. आज माल्टोज घालून केलं. ०.२ चे ०.२३ झाले, बस. म्हणजे एन्झाइमच कमी चालतंय.

प्रतिसाद
लाळ फ्रीजमध्ये ठेवता का? आमच्याकडे एकदा तसं झालं होतं.

धागाकर्ती
नाही हो, ताजीच. वर लिहिलंय.

प्रतिसाद
बरीच वर्षं हे प्रॅक्टिकल घेतोय. तुम्ही डायल्यूशनचा आकडा लपवला नाहीत हे फार बरं केलंत. सगळ्या पोस्टमध्ये कामाची गोष्ट तीच आहे.

एन्झाइम पाचपट केल्यावर काम पंधरापट वाढतंय. याचा अर्थ लाळेत एन्झाइमशिवाय आणखी काहीतरी आहे, जे एन्झाइमला लागतं आणि पातळ करताना तेही सोबत पातळ होतंय. तीन प्रश्न विचारतो, आठवून उत्तर द्या, अंदाजानं नको. लाळ कशात पातळ करता? जुलैत कशात केली होती? आणि तुमचं व मैत्रिणीचं बफर कुणी, कोणत्या बाटल्यांतून केलं?

धागाकर्ती
सर, आता डिस्टिल्ड वॉटरमध्ये. जुलैत लॅबमधल्या काकांनी नॉर्मल सलाइनची (मिठाच्या पाण्याची) बाटली दिली होती, सगळ्या बॅचनं त्यातच केलं. जर्नलमध्ये मात्र मी नुसतं 'शंभरपट डायल्यूशन' लिहिलंय.

बफर माझं मोनोसोडियम आणि डायसोडियम फॉस्फेट मिसळून. मैत्रिणीला विचारलं. मोनोची बाटली सापडली नाही म्हणून तिनं नुसतं डायसोडियम घेतलं आणि एचसीएल टाकत पीएच ६.९ वर आणला. पीएच मीटर दोघींचं एकच.

प्रतिसाद
सापडलं. क्लोराइड, म्हणजे मिठात आणि एचसीएलमध्ये असतो तो आयन.

माणसाच्या अमायलेजला दोन आयन लागतात. कॅल्शियम रेणूचा आकार टिकवतं आणि घट्ट धरलेलं असतं, ते सहज सुटत नाही. क्लोराइड मात्र सैल बसतं, अ‍ॅक्टिव्ह साइटच्या जवळच, आणि ते बसल्याशिवाय एन्झाइम पूर्ण जोमानं चालत नाही. पातळ केलं की निघून जातं. तुमच्या ट्यूबमध्ये लाळ शेवटी दोनशेपट पातळ होते, त्यामुळे लाळेतलं स्वतःचं क्लोराइड जवळजवळ उरतच नाही. वीसपट पातळ केलीत तेव्हा एन्झाइमबरोबर क्लोराइडही पाचपट आलं, म्हणून उडी मोठी दिसली.

जुलैत सलाइन होतं, ०.९ टक्के, म्हणजे १५४ मिलिमोलर. ट्यूबमध्ये निम्मं झालं तरी ७७, भरपूर. मैत्रिणीच्या बफरला पीएच ६.९ वर आणायला साधारण १० मिलिमोलर एचसीएल लागलं असणार, ट्यूबमध्ये ५. तेवढं पुरतं. तिनं बफर पुस्तकाप्रमाणे केलं नाही, म्हणूनच तिचा प्रयोग चालला. तुमचं बफर अगदी शुद्ध होतं.

फंगल डायस्टेजनं तुम्हाला चकवलं. बुरशीच्या अमायलेजला क्लोराइड लागत नाही, त्यामुळे ते तुमच्या बफरमध्येही छान चालणारच. पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे 'सगळं ठीक आहे' हे दाखवणारी ट्यूब, त्याच एन्झाइमचा हवा.

अमायलेज मोजायच्या बर्नफेल्ड यांच्या १९५५ सालच्या मूळ पद्धतीत फॉस्फेट बफरसोबत ६-७ मिलिमोलर मीठ आहे. प्रॅक्टिकलच्या कागदाची झेरॉक्स, त्यावरून पुन्हा हातानं उतरवलेला कागद, असं होता होता ती ओळ गळते. मी हे दोनतीनदा पाहिलंय, आणि दर वेळी पोरं स्वतःच्या हाताला दोष देत बसतात. तुमच्या हाताला काही झालेलं नाही.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नका, करून बघा. ट्यूबमध्ये मीठ ०, १, ५, २० मिलिमोलर असं घ्या. आणखी एका ट्यूबमध्ये १० मिलिमोलर सोडियम सल्फेट. त्यात सोडियम येतं, क्षारही वाढतो, पण क्लोराइड नाही. ती ट्यूब खाली राहिली तरच क्लोराइड म्हणायचं.

धागाकर्ती
सर, आज सकाळी केलं. प्रत्येकी तीन ट्यूब, लाळ डिस्टिल्ड वॉटरमध्येच शंभरपट, बफर माझंच.

मीठ नाही: ०.२ मिलिग्रॅम
१ मिलिमोलर: १.०
५ मिलिमोलर: १.५
२० मिलिमोलर: १.७
सोडियम सल्फेट: ०.२

सल्फेटची ट्यूब उकळून बाहेर काढली तेव्हा ती ब्लँकसारखीच पिवळट होती आणि शेजारची मिठाची तांबूस. रीडिंग घ्यायच्या आधीच कळलं. मैत्रिणीला बोलावून दाखवलं. जुलैच्या पानावर आता 'सलाइनमध्ये' असं तारीख घालून लिहिलंय आणि बफरच्या बाटलीवर मिठाचं प्रमाण. पुढच्या बॅचसाठी लॅबच्या फाइलमधल्या कागदावरही ती ओळ लिहू का, असं मॅडमना विचारलं. त्या हो म्हणाल्या.

खूप खूप आभार सर. दादा, तुमचेही, माल्टोज घालायची युक्ती कायम ठेवणार आहे.

आता चहा. अर्क डिस्टिल्ड वॉटरमध्ये काढू की बफरमध्ये?

प्रतिसाद
मीठ घातलेल्या बफरमध्येच काढा, नाहीतर अर्क घालताना क्लोराइड पुन्हा पातळ होईल आणि ते चहाच्या नावावर जाईल. आणि चहातले पॉलिफेनॉल स्वतःच डीएनएसला रंग आणतात. त्यामुळे अर्काच्या प्रत्येक प्रमाणाला त्याचा वेगळा ब्लँक लावा: अर्क, स्टार्च, डीएनएस आणि सगळ्यात शेवटी लाळ. ट्यूब दुप्पट होतील, त्याला इलाज नाही.