उन्हाळ्यात स्टार कासवे कुठे जातात?

माळकरी: नोकरीनिमित्त मी सौराष्ट्रात, गीरच्या कडेला राहतो. पाऊस सुरू झाला की बांधांवर आणि काटेरी कुंपणांच्या कडेला स्टार कासवे भरदिवसा चरताना दिसतात. उन्हाळ्यात मात्र शोधूनही सापडत नाहीत. ती बेडकांप्रमाणे जमिनीत गाडून घेतात का? आणि काळ्या पाठीवरची इतकी ठळक पिवळी नक्षी शत्रूच्या नजरेत भरत नाही का?

बोरीबाभळी: ती गाडून घेत नाहीत. कडक उन्हाळ्यात ती झुडपांच्या बुंध्याशी किंवा गवताच्या ठोंबाखाली निपचित पडून राहतात आणि हालचाल केलीच तर सकाळ-संध्याकाळच्या गारव्यात करतात. पावसाने कोवळे गवत फुटले की चरणे, जोडीदार शोधणे आणि अंडी घालणे या सर्वांनाच वेग येतो. मादी नरापेक्षा बरीच मोठी असते. ती मूत्राने माती भिजवून मऊ करते, मागच्या पायांनी खड्डा खणते, त्यात थोडीच अंडी घालते आणि खड्डा बुजवून निघून जाते. पिल्लू नर होणार की मादी, हे उबवणीच्या काळातील तापमानावर ठरते.

नक्षीचे म्हणाल तर हातात घेतलेल्या कासवावर ती उठून दिसते खरी, परंतु वाळक्या गवताच्या काड्या आणि त्यांच्या सावल्या यांच्यामध्ये त्या पिवळ्या रेषांमुळे कवचाची बाह्याकृतीच तुटते आणि कासव दोन पावलांवर असूनही दिसत नाही. आपल्याला उन्हाळ्यात ती न सापडण्याचे निम्मे कारण हेच असावे.

कातळसडा: कवचाच्या उंच घुमटाचाही उपयोग आहे. हंगेरीतील संशोधक गाबोर डोमोकोश आणि पेतेर वार्कोनी यांनी २००८ मध्ये दाखवले की अशा आकाराचे कासव उलटले तरी ते बव्हंशी आकाराच्याच बळावर पुन्हा सरळ होऊ शकते. चपट्या कासवांना त्यासाठी लांब मानेचा आधार घ्यावा लागतो.

चिन्नारवाला: गुजरातचे वेळापत्रक सर्वत्र लागू करू नये. या जातीचा पसारा तीन तुटक भागांत आहे: वायव्य भारत व लगतचा पाकिस्तान, आग्नेय भारत आणि श्रीलंका. तमिळनाडूत मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो, त्यामुळे तिथला कासवांचा हंगामही वेगळा. वायव्येकडील आणि दक्षिणेकडील कासवांत जनुकीय भेदही आढळले आहेत. म्हणूनच तस्करांकडून जप्त केलेली कासवे मूळ ठिकाण न तपासता जवळच्या रानात सोडणे मला घातक वाटते. २०१९ मध्ये सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात समावेश होऊन त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, पण जप्त कासवांचा हा प्रश्न त्याने सुटत नाही.