मदत हवी आहे: कोबोलची वाक्यं वाचता येतात, पण हिशोब चुकून राहिला

नवशिका_नागपूर

नमस्कार मंडळी. बीकॉम करून दोन महिन्यांपूर्वी मिहानमधल्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागलो. आमच्या चार जणांना मेनफ्रेमच्या (मोठ्या संस्थांच्या हिशोबाच्या मोठ्या संगणकांच्या) कामावर टाकलं, म्हणजे कोबोल ही प्रोग्रामिंगची भाषा. शिकवणारे सर म्हणतात, "इंग्रजी वाचता येते ना? मग कोबोल आलंच." वाचता येते हो, गाडी पुढे अडते.

सरावाला पतसंस्थेच्या कर्जखात्यांचा प्रोग्राम आहे. २० खाती, त्यातली ७ थकीत. थकीत खात्याला ५० रुपये दंड. म्हणजे एकूण ३५० यायला पाहिजे, माझे येतात १०५०. तुकडा असा आहे (फोनवरून टाइप करतोय, कीवर्ड मराठीतच लिहितो):

इफ थकबाकी > ०
  मूव्ह 'होय' टू दंड-खूण.
  ॲड ५० टू एकूण-दंड.

दुसरं म्हणजे व्याज. मुद्दल ५०,०००, दर ९.५ टक्के, दिवस ३७. कॅल्क्युलेटरवर ४८१.५१ येतात. फाइलीत दिसतं ००४८१५०. अठ्ठेचाळीस हजार दीडशे? सावकारही एवढं घेत नाही! फील्ड पिक ९(५)व्ही९९ आहे (पिक म्हणजे आकड्याचा साचा: पाच अंक रुपयांचे, दोन पैशांचे). आणि एका खात्याची बाकी १,१२,३४५ असताना अहवालात १२,३४५ छापून येते. एक लाख गेले कुठे, तेच समजून नाही राहिलं.

सरांना दोनदा विचारून झालं. तिसऱ्यांदा हिंमत होत नाही.

पंचकार्ड_काका

बेटा, तुझ्या तुकड्यातला गुन्हेगार दुसऱ्या ओळीच्या शेवटी बसलाय. तो टिंब काढ.

कोबोलमध्ये पूर्णविराम म्हणजे सजावट नाही. तो आला की त्याआधी उघडे असलेले सगळे इफ तिथेच बंद. तुझा इफ 'होय' लिहून संपला. खालची ॲडची ओळ आत सरकवलेली दिसते, पण ती तुझ्या डोळ्यांसाठी. कंपायलर, म्हणजे आपला कोड यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, त्या मोकळ्या जागेकडे बघतही नाही. त्यामुळे थकीत असो की नसो, दंड सगळ्यांना. १९८५ च्या प्रमाणकात एंड-इफ आला. तो वापर, आणि टिंब फक्त परिच्छेदाच्या (कोडच्या नाव दिलेल्या तुकड्याच्या) शेवटी ठेव. आमच्या वेळी एंड-इफ नव्हता, एकेका टिंबासाठी रात्री गेल्यात.

ही भाषा इंग्रजीसारखी वाचली जाते ते मुद्दामच. १९५९ साली अमेरिकेत कोडासिल समितीने तिचं काम हाती घेतलं, तेव्हा ग्रेस हॉपर बाईंची फ्लो-मॅटिक भाषा समोर होती. हिशोबाच्या माणसालाही प्रोग्राम वाचता यावा ही इच्छा. वाचता येतो, तेवढंच. तुझ्या सरांचं म्हणणं अर्धंच खरं आहे.

आता व्याज. व्ही म्हणजे दशांश चिन्हाची जागा, खुद्द चिन्ह नव्हे. तो मेमरीत एकही बाइट घेत नाही. ००४८१५० म्हणजे सातच अंक, शेवटचे दोन पैशांचे. म्हणजे ४८१.५० रुपये, घाबरू नको. एक पैसा कमी का? खरं उत्तर ४८१.५०६८ च्या आसपास आहे. न सांगता कोबोल पुढचे अंक कापून टाकतो, पूर्णांकन करत नाही. कॉम्प्यूट व्याज राउंडेड = असं लिही, ४८१.५१ येतील. एका खात्यात एक पैसा म्हणजे काहीच नाही, पण ताळा जुळेना झाला की त्याच पैशापायी सगळी शाखा थांबते.

लाखाचंही तेच. अहवालातलं फील्ड पाच पूर्णांकी अंकांचं असणार. मूव्ह करताना आकडे दशांश चिन्हाला धरून बसतात आणि डावीकडचे जादाचे अंक गळून पडतात. तक्रार नाही, इशारा नाही. अक्षरांच्या फील्डमध्ये उलटं, तिथे उजवीकडची शेपटी कापली जाते. छापायला पिक झेडझेड,झेडझेड,झेडझेड९.९९ घे. स्वल्पविराम कुठे घालायचा हे आपल्या हातात असतं, त्यामुळे १,१२,३४५.०० असा आपला देशी आकडाही नीट उमटतो.

आता माझा प्रश्न. सगळ्यांना दंड लागला तरी २० गुणिले ५० म्हणजे १०००. वरचे ५० कुठून आले? अहवालात ओळी २० आहेत की २१?

तर्रीपोहे

काकांनी सगळं सांगितलंच आहे. एकच भर: जुन्या पद्धतीच्या मांडणीत ७२ व्या कॉलमनंतरचं कंपायलर वाचत नाही. लांब ओळीचा शेवट तिकडे गेला तर स्क्रीनवर दिसेल, पण नसल्यासारखा. घरी सराव करायचा असेल तर ग्नूकोबोल फुकट आहे. फ्री मांडणीचा पर्याय दिला की कॉलम मोजत बसावं लागत नाही. पण ऑफिसचा कोड जुन्या मांडणीतच असेल, तर ती सवय आधी लाव.

नवशिका_नागपूर

काका, टिंब काढला, एंड-इफ टाकला, ३५० आले. राउंडेडही जमलं. पण ओळी २१ च आहेत! शेवटचं खातं दोनदा छापलं जातं. ते थकीत नव्हतं, म्हणून दंडात दिसलं नाही. मुख्य परिच्छेदात लूप लावून परफॉर्म हिशोब केलंय. त्याखाली हिशोब परिच्छेद आहे, त्याच्याखाली शेवट, आणि शेवटमध्ये क्लोज (फाइल बंद) आणि स्टॉप रन (प्रोग्राम बंद). लूप संपला की गाडी शेवटपर्यंत जाईलच ना?

पंचकार्ड_काका

जाईल, पण वाटेत हिशोबाचं स्टेशन लागतं. परफॉर्म म्हणजे जाऊन परत येणं. लूप संपल्यावर मात्र कुणी बोलावत नसतं, नुसतं वरून खाली वाहत जाणं असतं. त्यात हिशोब आपोआप एकदा जास्त चालतो. लूपच्या खाली परफॉर्म शेवट लिही.

नवशिका_नागपूर

लिहिलं. २० खाती, २० ओळी. उद्या सरांना दाखवतो. बाहेर ४५ डिग्री आहे काका, नाहीतर आत्ताच बर्डीवर येऊन तुम्हाला रस पाजला असता.