वस्तीतलं सर्वेक्षण कार्यकर्त्यांनीच करायचं तर सुरुवात कुठून?

प्रश्न: गोवंडीत आमच्या सहा कार्यकर्त्या आहेत. पाण्याचं सर्वेक्षण एजन्सीला न देता त्यांनीच करावं असं वाटतं. कसं शिकवू?

उत्तर १: आधी प्रश्न नेमका करून घ्या. ‘पाण्याची समस्या’ हा विषय झाला; ‘घरटी रोज किती लिटर मिळतं आणि महिन्याला किती पैसे जातात’ हा प्रश्न. हंडे विचाराल तर हंड्याचं मापही विचारा, कुणाचा 10 लिटरचा, कुणाचा 15 चा. नाहीतर बेरीज फुकट. फॉर्म कोबो टूलबॉक्स या सर्वेक्षणाच्या ऑनलाइन साधनावर करा, फोनवर नेटशिवाय भरता येतो. आधी 10 घरांत करून बघा, अडणारे शब्द लगेच कळतात.

उत्तर २: खरी गोची घरं निवडण्यात असते. कार्यकर्त्या ओळखीच्याच दारात जातात. गल्लीचा नकाशा हाताने काढून दर आठवं घर घ्या, माळ्यावरचे भाडेकरू वेगळं कुटुंब धरा. कुलूप असेल तर शेजारी जाऊ नका, संध्याकाळी परत जा. नाहीतर कामावर जाणारी बाईच निसटते. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या 96 घरांत टक्केवारी साधारण 10 अंकांनी इकडेतिकडे होऊ शकते, 5 वर आणायला 384 लागतात.

उत्तर ३: नळजोडणी अनधिकृत असेल तर लोक धास्तावतात. म्हणून नाव आणि खोली नंबर उत्तरांपासून वेगळ्या फाइलीत ठेवा.