तरंगत्या पवनचक्क्या उलटत कशा नाहीत?

दापोलीकर
लेकाकडे स्कॉटलंडात अबर्डीनला आलोय दोन महिने. काल स्टोनहेवनकडे फिरायला गेलो, वारा असा की टोपी धरून चालायचं, तर लांब समुद्रात पाच-सहा पवनचक्क्या दिसल्या. लेक म्हणतो बाबा त्या तळाला रोवलेल्या नाहीत, तरंगतायत. मला वाटलं थापा मारतोय. अहो आमच्या हर्णैला नांगरलेली होडी जुलैत धड जागेवर राहत नाही आणि हे एवढं उंच धूड, त्यात वारा नेमका वरच्या पंख्यालाच ढकलणार, आडवं कसं होत नाही? आणि हा खटाटोप कशाला, सरळ उथळ पाण्यात का नाही रोवत?

खारा_वारा
काका, लेक खरं सांगतोय, ते किनकार्डिन असणार. किनाऱ्यापासून १५ किमी, साडेनऊ मेगावॅटच्या पाच चक्क्या, २०२१ पासून पूर्ण चालू. मी नॉर्वेत साखळ्या-नांगरांच्याच कामात आहे म्हणून जरा लांबण लावतो. साधारण ६० मीटरपर्यंत खांब तळात ठोकणं परवडतं, त्यापुढे लोखंड इतकं लागतं की गणितच बसत नाही, आणि चांगला वारा बऱ्याचदा खोल पाण्यावरच असतो.
आता उलटत का नाही. अबर्डीनच्या उत्तरेला पीटरहेड बंदर आहे, त्याच्यासमोर हायविंड नावाचा प्रकल्प आहे (२०१७, पाच चक्क्या, ३० मेगावॅट), त्यात पाण्याखाली ७८ मीटर लांब उभा नळकांडा आहे आणि तळाला जड भर घातलीय, म्हणजे आडवी पाडली तरी उठून बसणारी बाहुली असते ना तीच. किनकार्डिनला तीन जाड खांबांचा तिकोनी तराफा आहे, चक्की एका कोपऱ्यावर, आणि वारा एका बाजूने रेटायला लागला की आतलं पाणी पंपाने या खांबातून त्या खांबात जातं. होडीला एकच नांगर म्हणून ती गरागरा फिरते, इथे चहूबाजूंनी साखळ्या असतात आणि साखळीचा बराच भाग तळावर नुसता पडलेला असतो, चक्की सरकली की तो उचलला जातो आणि त्याच्या वजनानेच ती परत मागे ओढली जाते.
खरी गंमत पात्यांची. जोराच्या वाऱ्यात पाती आपोआप तिरकी होऊन जोर कमी करतात. तरंगती चक्की डुलत वाऱ्याकडे पुढे आली की तिला वारा जास्त लागतो, पाती लगेच तिरकी होतात, मागे रेटणारा जोर कमी होतो, मग ती अजून पुढे झुकते, आणि झोका वाढतच जातो. त्यामुळे जमिनीवरचं सॉफ्टवेअर जसंच्या तसं लावून चालत नाही.

बाजीरावचा_मावळा
हे सगळं छान, पण बिल कोण भरणार? ब्रिटनच्या २०२४ च्या वीजदराच्या लिलावात ग्रीन व्होल्ट नावाच्या तरंगत्या प्रकल्पाला मेगावॅट-तासाला जवळपास १४० पौंड मिळाले (२०१२ च्या किमतीत हां) आणि रोवलेल्या चक्क्या ५९ च्या आत आल्या. दुपटीच्या वर!

खारा_वारा
मान्य. पण तरंगणं हा प्रश्न आता सुटल्यात जमा आहे, अडतंय ते दुरुस्तीला. मोठा भाग बदलायचा तर रोवलेल्या चक्कीशेजारी पाय टेकून उभं राहणारं जहाज येतं आणि क्रेन लावतं. खोल पाण्यात पाय टेकणार कुठे, आणि तरंगती क्रेन आणली तर दोघंही हलतात, त्यात वर शंभर मीटरवर बोल्ट जुळवायचे! म्हणून अख्खी चक्कीच सोडवून ओढत न्यायची. किनकार्डिनची एक २०२२ मध्ये रॉटरडॅमला नेली होती, हायविंडच्या पाचही २०२४ मध्ये नॉर्वेला आणल्या, कारण ७८ मीटर खाली गेलेलं धूड मावेल इतकं खोल पाणी आमच्या फ्योर्डातच (डोंगरांत शिरलेल्या खोल खाड्या) मिळतं. तेवढे महिने वीज शून्य. माझ्या मते पैसे चक्कीपेक्षा आधी बंदरांवर घालायला हवेत, पण बंदराच्या उद्घाटनाला कोणी फोटो काढत नाही :)

मीरा_कुलाबा
कोकणात होईल का असलं काही?

बाजीरावचा_मावळा
तरंगतं कशाला? आपल्याकडे समुद्र लांबपर्यंत उथळच आहे, बॉम्बे हाय १६० किमी आत असून पाणी ७५ मीटरच्या आसपास. आणि वारा मुख्यतः पावसाळ्यात, बाकी वर्ष काय करणार? केंद्राने २०२४ मध्ये समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी ७४५३ कोटींची मदत मंजूर केली ती गुजरात आणि तामिळनाडूला, ५००-५०० मेगावॅट.

दापोलीकर
खारा_वारा, फार छान समजावलंत. आमच्याकडे पूर्वी रिकाम्या गलबतात तळाला दगड भरायचे, नीरम म्हणायचे त्याला, म्हणजे नळकांड्यात तेच की! एक राहिलं, त्या साखळ्यांमध्ये ट्रॉलरवाले जाळं कसं ओढतात?

खारा_वारा
नाही ओढू शकत काका, साखळीत अडकलं तर जाळं गेलंच. तळ खरवडणारं जाळं तिथे विसरायचं. हायविंडपाशी टोपल्या आणि गळ टाकून बघितलंय, पण ट्रॉलरवाल्याला त्याचं काय, त्याची जागा गेली ती गेलीच. इथे मच्छीमारांचं भांडण त्यावरूनच आहे.

दापोलीकर
हे मात्र हर्णैला सांगायला हवं. उद्या दुर्बीण घेऊन परत जातो. लेकाला सांगणार नाही इथे विचारलं ते, आता पंप आणि साखळ्यांचं मीच त्याला शिकवतो.