शेवट ठाऊक असलेली रहस्यकथा पुन्हा का वाचावीशी वाटते?

प्रश्न (नौपाडा, ठाणे):
माझे वय ६८. ठाण्यातल्या १८९३ सालच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून शाळकरी वयात आणलेले बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड मी एका बैठकीत संपवत असे. आज तीच पुस्तके उघडली की गुन्हेगार चौथ्या पानावरच आठवतो, तरीही पुस्तक खाली ठेववत नाही. आपल्यालाही असे होते का?

प्रतिसाद १ (घोडबंदर रोड):
होते, काका. पहिल्या वाचनात आपण गुन्हेगाराचा माग काढतो, तर दुसऱ्या वाचनात लेखकाने सुगावा कुठे दडवला त्याचा. अगाथा ख्रिस्ती यांचा गुप्तहेर पायरो १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कर्टन’मध्ये, ज्या स्टाइल्सच्या घरात त्याची पहिली कथा घडली तिथेच, संधिवाताने जखडून चाकांच्या खुर्चीत बसलेला भेटतो. तरुणपणी मला ती पाने नकोशी झाली होती. स्वतःचे गुडघे दुखू लागल्यापासून मात्र सगळ्यांत आधी तीच उघडतो.

प्रतिसाद २ (वाशी):
आईला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून रोज रात्री मी तिला दोन प्रकरणे वाचून दाखवते. खुनी कोण हे तिला पाठ आहे, पण घाईत एखादा परिच्छेद गाळला की ती लगेच म्हणते, “थांब, ते घड्याळाचं राहिलं.”