मदत हवी आहे: दोघींना कोरोना झाला, माझ्या अँटीबॉडी भरपूर आणि आईच्या जवळजवळ नाहीतच, असं का?

नमस्कार, कुणी डॉक्टर किंवा लॅबमधलं असेल तर प्लीज पूर्ण वाचा, जरा मोठं झालंय.

मला आणि आईला पाठोपाठ कोरोना झाला, दोघींची आरटीपीसीआर पॉझिटिव्ह होती त्यामुळे झाला होता का ही शंकाच नाही. मला नुसता ताप आणि घसा, आईला मात्र खोकला लांबला, थकवा तर खूपच, पण ॲडमिट करावं लागलं नाही. बऱ्या झाल्यावर काही आठवड्यांनी दोघींची अँटीबॉडी टेस्ट केली. माझी स्पाइकची (व्हायरसच्या बाहेरच्या काट्यांची) आयजीजी, म्हणजे रक्तातली अँटीबॉडी, भरपूर आणि न्यूक्लिओकॅप्सिडची (व्हायरसच्या आतल्या प्रोटीनची) पण पॉझिटिव्ह. आईची न्यूक्लिओकॅप्सिड निगेटिव्ह आणि स्पाइक कटऑफच्या जरासंच वर. लस दोघींनी घेतलीय, एकच, फक्त स्पाइकवाली. आईला संधिवात आहे आणि त्यासाठी रिटुक्सिमॅब सलाईनमधून देतात, त्याचा संबंध असेल का माहीत नाही पण सांगून ठेवते.

मी वाचलं होतं की जो जास्त आजारी पडतो त्याच्या अँटीबॉडी जास्त बनतात, इथे तर उलटंच झालं. म्हणजे आईला झालेल्या इन्फेक्शनचा काहीच उपयोग नाही का, ती पहिल्याइतकीच उघडी आहे का? आणि माझा आकडा मोठा आहे म्हणजे मी निर्धास्त राहू का? तिची खूप काळजी वाटतेय, रात्री तिचा खोकला ऐकला की झोप उडते.

प्रतिसाद १

लॅबमध्ये काम करतो म्हणून आधी टेस्टबद्दल. तुमची लस फक्त स्पाइक दाखवणारी आहे, त्यामुळे स्पाइकची आयजीजी लसीमुळे आली की इन्फेक्शनमुळे हे रिपोर्टवरून कळत नाही. न्यूक्लिओकॅप्सिड शरीराला फक्त खऱ्या व्हायरसमधून दिसतं, म्हणून ते इन्फेक्शनची खूण धरतात (पूर्ण निष्क्रिय व्हायरसची लस असती तर हा हिशेब चुकला असता). पण ती खूण सगळ्यांत उमटतेच असं नाही. मॉडर्नाच्या ट्रायलमध्ये ज्यांना इन्फेक्शन झालं त्यातल्या लस न घेतलेल्यांपैकी ९३ टक्के लोकांत न्यूक्लिओकॅप्सिडच्या अँटीबॉडी दिसल्या आणि लस घेतलेल्यांपैकी ४० टक्क्यांतच. म्हणजे आईचं निगेटिव्ह एवढ्यावरून घाबरू नका.

आकड्यांची तुलना करताना दोन्ही टेस्ट एकाच कंपनीच्या किटवर झाल्यात का ते आधी बघा. डब्ल्यूएचओने २०२० च्या डिसेंबरमध्ये एक आंतरराष्ट्रीय मानक ठरवलं, तरी वेगवेगळ्या किटचे आकडे सरळ जुळत नाहीत, आणि अमुक आकड्याच्या वर गेलं की सुरक्षित अशी रेघ कुणीच मारलेली नाही. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधं तपासणारी सरकारी संस्था) तर मे २०२१ मध्येच सांगितलं होतं की लशीनंतर प्रतिकारशक्ती किती आहे हे ठरवायला ही टेस्ट वापरू नका.

प्रतिसाद २

ताई, तुमचं उत्तर बहुतेक रिटुक्सिमॅबमध्येच आहे. हे औषध बी पेशींवरच्या (प्रतिकारशक्तीतल्या पांढऱ्या पेशी) सीडी२० नावाच्या प्रोटीनला चिकटतं आणि त्या पेशी नाहीशा करतं, संधिवातात त्याचा फायदा तोच. पण नव्या अँटीबॉडी बनवायला आधी बी पेशीच लागतात, त्या नसताना इन्फेक्शन झालं किंवा लस घेतली तर आकडा फारसा हलत नाही. आजार जास्त तर अँटीबॉडी जास्त हे साधारण खरं आहे पण बी पेशी जागेवर असतील तेव्हाच. आधीपासून असलेल्या प्लाझ्मा पेशींवर (बी पेशींपासून बनलेल्या, अँटीबॉडी सोडणाऱ्या पेशी) सीडी२० नसतं, त्यामुळे जुन्या आजारांच्या आणि औषध सुरू व्हायच्या आधी घेतलेल्या लशींच्या अँटीबॉडी बऱ्याच अंशी टिकतात.

काहीच उपयोग नाही असं मात्र मुळीच नाही. टी पेशी (प्रतिकारशक्तीतल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी) या औषधाने फारशा जात नाहीत आणि रिटुक्सिमॅबवाल्या पेशंटांमध्येही कोरोनाविरुद्धच्या टी पेशी सापडल्यात, फक्त तुमच्या रिपोर्टमध्ये त्या दिसत नाहीत. टी पेशी व्हायरसला शिरण्यापासून अडवत नाहीत पण शिरल्यावर आजार गंभीर होऊ न देण्यात त्यांचं मोठं काम आहे. २००३ च्या सार्समधून (कोरोनाच्याच जातीतल्या व्हायरसचा आजार) बरे झालेल्यांत तर १७ वर्षांनीही टी पेशी सापडल्यात.

मला जास्त काळजी खोकल्याची वाटते. बी पेशी नसतील तर व्हायरस बराच काळ शरीरात रेंगाळू शकतो, म्हणून आईची परत आरटीपीसीआर करायची का हे डॉक्टरांना विचारा, यात उशीर करू नका.

धागाकर्ती

खूप खूप धन्यवाद दोघांनाही, उद्याच फोन करते. एक राहिलं, माझा आकडा काही महिन्यांनी कमी झाला तर परत लस घ्यायची का? आणि आईला रिटुक्सिमॅब बंदच करायला सांगू का?

प्रतिसाद २

बंद करू नका प्लीज, निदान मनाने तरी नाही, संधिवात उसळला तर स्टेरॉइड वाढवावी लागतात आणि ते वेगळंच संकट. संधिवाताच्या डॉक्टरांना लशीची वेळ विचारा, साधारण पुढच्या डोसच्या चारेक आठवडे आधी लस देतात म्हणजे बी पेशी थोड्याफार परतलेल्या असतात. आणि आईला परत लक्षणं आली तर त्याच दिवशी टेस्ट करा, पॅक्सलोव्हिड (कोरोनावरची गोळी) लक्षणं सुरू झाल्यापासून ५ दिवसांच्या आत सुरू करावी लागते आणि तिच्या बाकीच्या गोळ्यांशी जमते का ते डॉक्टरांनी बघायला हवं, म्हणून औषधांची यादी आत्ताच लिहून ठेवा.

तुमचा आकडा उतरणारच, त्यात बिघाड काही नाही. इन्फेक्शनच्या वेळी घाईने तयार झालेल्या प्लाझ्मा पेशी थोड्याच दिवसांत मरतात आणि आयजीजी स्वतः साधारण ३ आठवड्यांत निम्मी होते, त्यामुळे सुरुवातीचा उतार मोठा दिसतो. मग तो मंदावतो कारण काही प्लाझ्मा पेशी बोनमॅरोमध्ये मुक्काम करतात, सौम्य आजारानंतर ७ ते ११ महिन्यांनीही त्या तिथे सापडल्यात. मेमरी बी पेशी (व्हायरस लक्षात ठेवणाऱ्या) तर पहिल्या महिन्यापेक्षा सहाव्या महिन्यात जास्त दिसल्या होत्या. पण मोठा आकडा म्हणजे परत होणारच नाही असंही नाही, ओमायक्रॉनने जुन्या अँटीबॉडींना कसं चुकवलं ते सगळ्यांनीच पाहिलंय. त्यामुळे दर थोड्या दिवसांनी टेस्ट करू नका, तुमची लस वयाप्रमाणे ठरवा आणि तुम्हाला सर्दी असेल तेव्हा आईजवळ मास्क लावा.

प्रतिसाद १

मास्कला +१. आणि आईची टेस्ट परत केलीच तर त्याच लॅबमध्ये त्याच किटवर करा, शेवटचं रिटुक्सिमॅब कधी झालं ती तारीख फॉर्मवर लिहा, नाहीतर रिपोर्ट वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही.