पॅडवाली चड्डी आणि लांबचा पल्ला: आपापले अनुभव सांगा

सायकलवाले जमले की गिअर, टायर, चेनचं तेल यांवर तासन्‌तास बोलतात. बुडाचा विषय निघाला की मात्र सगळे इकडेतिकडे बघायला लागतात. म्हणून हा धागा. पॅडवाली चड्डी कशी निवडलीत, काय चुकलं, काय जमलं, ते मोकळेपणाने लिहा. लाज सोडून लिहा, कारण दुखणं सगळ्यांचं एकच आहे.

माझ्यापासून सुरुवात करतो. पहिली २०० किमीची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड; साडेतेरा तासांची मुदत. तयारी म्हणून मिळेल ती सर्वांत जाड पॅडची शॉर्ट घेतली. निवड कशी केली? अंगठ्याने दाबून. गादीसारखा मऊ लागला, झालं! पहिले ५० किमी राजेशाही. शंभरच्या आसपास मुंग्या यायला लागल्या आणि दीडशेनंतर खालचं काही माझं आहे की नाही तेच कळेना. पुढे कारण समजलं. फोम फार मऊ असला की बसण्याची दोन हाडं त्यात रुततात आणि आजूबाजूचा फोम मधल्या नाजूक भागात वर येतो. नसा तिथूनच जातात. म्हणजे जाडी बघायचीच नाही, फोम किती दाट आहे ते बघायचं. आता माझ्याकडे आहे तो पॅड पहिल्याच्या जेमतेम निम्म्या जाडीचा आहे आणि त्यावर ४०० किमी झालेत.

*

हसणार नसाल तर सांगतो. आठ महिने मी पॅडवाल्या शॉर्टच्या आत रोजची अंडरवेअर घालत होतो. आत काही न घालता बाहेर पडायचं हे डोक्यातच येत नव्हतं! अंडरवेअरची शिवण नेमकी मांडीच्या सांध्यात येते, घामाने भिजलेलं सुती कापड वाळत नाही, आणि पॅडल मारताना तेच घासत राहतं. प्रत्येक राइडनंतर दोन्हीकडे लाल रेघ, कुणी पट्टी लावून आखल्यासारखी. एका सोबत्याने शेवटी विचारलंच, "आत काही घालतोस की काय?" त्या दिवसापासून घालत नाही. रेघाही गेल्या.

*

+१. माझे आठ महिने नाहीत, दीड वर्ष.

*

बायकांची बाजूही येऊ दे. मी सुरुवातीला नवऱ्याची जास्तीची शॉर्ट वापरली, सायकलच्या चड्डीत कसला आलाय फरक म्हणून. फरक आहे. आपली बसण्याची हाडं सहसा जास्त रुंद अंतरावर असतात, त्यामुळे पॅड मागच्या बाजूला रुंद लागतो. पुरुषांच्या पॅडचा उंचवटा आणि मधली खाच भलत्याच जागी येतात. माझं वजन पॅडच्या काठावर पडत होतं, आणि काठावर शिवण.

मग बिब घेतली, म्हणजे खांद्यावर पट्टे असलेली. कमरेला इलॅस्टिक काचत नाही, पॅड जागचा हलत नाही, वाकलं तरी पाठ उघडी पडत नाही. सगळे म्हणतात तेवढी चांगली आहेच. पण लघवीला जायचं म्हटलं की काय? ३०० किमीच्या ब्रेव्हेत रात्री पाऊस. आधी चमकणारं जॅकेट काढा (रात्री ते घालणं नियमानेच बंधनकारक), मग रेनकोट, मग जर्सी, मग पट्टे, आणि हे सगळं दातात टॉर्च धरून. त्या भानगडीला कंटाळून मी पाणी कमी प्यायला लागले, आणि ते बुडाच्या दुखण्यापेक्षा महागात पडलं. आता मागून खाली ओढता येते अशी बिब वापरते, पट्टे न काढता काम होतं. मैत्रिणींनो, घेण्याआधी हे घरी सगळे थर चढवून एकदा करून बघा. माझी एक मैत्रीण बिबच्या वाटेलाच जात नाही, रुंद आणि उंच कमरेची साधी शॉर्ट घालते आणि मजेत ६०० करते.

*

ताई, टॉर्च दातात... मुजरा घ्या.

*

विषय चड्डीचा आहे, पण मी तीन चड्ड्या बदलून शेवटी सॅडल (सीट) बदललं, त्यामुळे हेही इथेच लिहितो. पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा कडक खुर्चीवर ठेवायचा, त्यावर पुढे वाकून बसायचं, पाय जरा उचलून. उठल्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजायचं. माझं सॅडल त्या मानाने अरुंद निघालं. हाडांना खाली आधारच नसेल तर वर कितीही भारी पॅड असून काय उपयोग? शिवाय माझं सीट थोडं उंच होतं. पॅडल खाली जाताना कंबर डावी-उजवीकडे डुलायची आणि प्रत्येक फेरीला घासायचं. एका तासात पाच हजारांच्या आसपास फेऱ्या होतात, मग सालटं निघणारच. सीट थोडं खाली घेतलं आणि ज्या शॉर्टला शिव्या घातल्या होत्या तीच आज माझी आवडती आहे. बिचारी.

*

पोट सुटलेल्या माणसाचा अनुभव. तंग कपड्याची लाज वाटते म्हणून एक माप मोठं घेतलं. सैल शॉर्टमध्ये पॅड अंगाला चिकटून राहत नाही, सरकतो, दुमडतो, आणि ती घडी ज्या जागी टोचते ती जागा इथे लिहिण्यासारखी नाही. योग्य मापाची घातली तर उभं राहिल्यावर खांद्याचे पट्टे ओढतात, चालताना बदकासारखं वाटतं. मी तिथेच घाबरून परत मोठं माप मागायचो. अहो, चालण्यासाठी ती शिवलेलीच नाही! हँडल धरल्यासारखं वाकून बघा, सगळं आपोआप जागेवर बसतं. लाजेवर माझा उपाय: वरून पातळ सैल हाफ पँट. फक्त तिचा घोळ सॅडलच्या टोकात अडकणार नाही एवढं बघा.

*

पॅड आपल्या बसण्याच्या पद्धतीप्रमाणे हवा असतो. मी ताठ बसून, रुंद हँडलच्या सायकलवर फिरतो, माझं सगळं वजन मागे. रेसच्या सायकलवर वाकून बसणाऱ्या मित्राने शिफारस केलेला पॅड मला निकामी ठरला, कारण त्याचा दाट भाग पुढे होता. दुसऱ्याची शिफारस घेताना त्याची सायकलही बघा.

*

थोडं जुनं सांगतो. माझ्या पहिल्या चड्डीत खरं चामडं होतं. आतल्या पॅडला अजून शॅमी म्हणतात ना, ते शॅम्वा नावाच्या डोंगरी बकरीसारख्या प्राण्यावरून. धुतलं की ते वाळून पुठ्ठ्यासारखं व्हायचं, मग क्रीम चोळचोळून मऊ करायचं. क्रीमची चाल तिथून आली. आता पॅड कृत्रिम आहे, तरी क्रीम लावतात, पण ते कातडीचं घर्षण कमी व्हावं म्हणून.

*

काका, क्रीमवरून आठवलं. ६०० किमीला (४० तास) मी एकच शॉर्ट नेली. रात्री तीन तास झोपलो तोही तीच ओली शॉर्ट घालून, कारण "आता कोण बदलतंय". सकाळी केसाच्या मुळाशी एक फोड. मी तो फोडला. इथेच चुकलं. पुढचे दोनशे किमी उभं राहून, तिरकं बसून काढले आणि घरी आल्यावर डॉक्टरांकडे जावंच लागलं. आठ दिवस सायकल बंद. आता लांबच्या राइडला दुसरी शॉर्ट कोरड्या पिशवीत असते, झोपायच्या आधी पुसून कोरडं होतो, आणि राइड संपली की गप्पा नंतर, आधी शॉर्ट उतरवायची. धुताना उलटी करून, गार पाण्यात. कपडे मऊ करणारं द्रावण टाकत नाही, त्याने कापडाचं घाम शोषणं बिघडतं. पेट्रोलियम जेलीही सोडली, पॅडमधून धुऊन निघता निघत नाही.

*

माझं छोटंसं. शॉर्ट कधी टाकून द्यायची हे कुणीच लिहिलं नाही. माझी एक लाडकी होती, पॅड अजून ठीक, म्हणून घालत राहिलो. एका चढावर मागून येणारा मित्र ओरडला, "तू पुढे जाऊ नकोस, मागे राहा!" मला वाटलं वेग जास्त झाला. तो म्हणाला, "वेग नाही रे, कापड. आरपार दिसतंय." तेव्हापासून घरी उजेडाकडे धरून बघतो.